तुम्ही आला नाहीत तर

कंपनी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या पंधरवड्यात एकदा माझ्यासमोर येऊन बसावं लागतं. मी चौदा प्रश्न विचारते, तो उत्तरं देतो, मी टाइप करते. बहुतेक जण खोटं बोलतात, तेही सभ्यपणे: घरापासून लांब पडतं, पुढे शिकायचंय, आईची तब्येत बरी नसते. त्या मंगळवारी समोर बसलेली मुलगी खोटं बोलली नाही. सव्वीस वर्षांची, लिफ्टची मेकॅनिक, आमच्याकडे लागून सव्वा वर्ष झालेली. नखांच्या कडेला ग्रीस बसलं होतं, म्हणून की काय, हात मांडीखाली घेऊन ती बसली होती. नोकरी सोडण्याचं मुख्य कारण, असं मी विचारलं, तर तिनेच उलट विचारलं, की आपल्या वेबसाइटवरची ती ओळ कोणी लिहिलीय? कुठली, असं मी म्हणाले खरं, पण कुठली ते मला कळलं होतं. शाळेत कविता म्हणून दाखवतात तशी सरळ, एका सुरात तिने ती म्हणून दाखवली. "तुम्ही एक दिवस आला नाहीत, तर इथे कोणाच्या तरी लक्षात येतं."

मग तिने सांगितलं. गेल्या महिन्यात ती तापाने भाड्याच्या खोलीत चार दिवस पडून होती. पहिल्या दिवशी शुद्धच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा तिला दिलासाच वाटला, म्हणे, की आता कोणाचा तरी फोन येईल. मोबाइल उशाशी ठेवला, चार्जिंगची वायर पुरत नव्हती म्हणून खाट ओढून भिंतीला लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मेसेज आला: आपला रजेचा अर्ज प्राप्त झालेला नाही, कृपया त्वरित भरावा. तिच्या वाट्याची कामं पहिल्याच दिवशी सकाळी याद्या काढणाऱ्या मशीनने दुसऱ्यांना वाटून टाकली होती. एकही लिफ्ट अडली नव्हती, एकही तक्रार आली नव्हती. पाचव्या दिवशी ती डेपोत गेली तेव्हा सुपरवायझरने मान वर न करता हातात यादी दिली. माणूस वाईट नाही, असं तिनेच मला बजावलं. त्याला वाटलं होतं तिची पाळी बदललीय. "मी रागावलेली नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण इथे लागले तेव्हा माझ्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. दुसरीकडे पगार जास्त होता. मी ती ओळ वाचली आणि इकडे आले. आणि त्या खोलीत मी खरंच वाट पाहिली, याची मला आता लाज वाटते." मी मुख्य कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवून गेली. मी तिला सांगितलं नाही की ती ओळ माझी आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मेकॅनिक टिकेनासे झाले होते. शहरभर उंच इमारती उठत होत्या, लिफ्टच्या कंपन्या दर महिन्याला नव्या निघत होत्या, आणि आम्ही शिकवून तयार केलेला माणूस वर्ष संपलं की दुसऱ्याच्या गणवेशात दिसायचा. तेव्हा वरून ठरलं की गिऱ्हाइकाला दाखवायला जसा एक चेहरा असतो तसा नोकरी शोधणाऱ्याला दाखवायलाही हवा. चांगली माणसं पगाराने येतात, पण थांबतात नावाने. ते मला पटलंही होतं. एक सल्लागार बोलावला, तीन दिवस आम्ही वीस जणांनी स्वतःला एका खोलीत कोंडून घेतलं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच: कुटुंब, विश्वास, प्रगती, पुन्हा कुटुंब. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटायला लागले होते, आणि मी, जी एरवी अशा ठिकाणी चहाचा कप धरून भिंतीला टेकून असते, ती मी एकदम ते वाक्य बोलून गेले. सल्लागाराने पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, पुन्हा एकदा म्हणा. कोणी विचारलं नाही की हे कुठून आलं. सहा आठवड्यांत ते बसथांब्यांवर लागलं, हेल्मेट घातलेल्या हसऱ्या चेहऱ्यांखाली. अर्ज अडीचपट झाले. त्या कामाला कुठलंसं बक्षीस मिळालं, ते काचेच्या कपाटात आहे. मी रोज त्या कपाटावरून जाते आणि रोज दुसरीकडे बघते.

ते वाक्य एका लांबट खोलीतून आलं होतं. माझी पहिली नोकरी नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. आठ उतरती टेबलं, एकामागे एक, उजेड डावीकडून यावा म्हणून सगळ्या खिडक्या एकाच बाजूला. नकाशाचा कागद पहिल्या टेबलावरून निघायचा आणि हातोहात शेवटपर्यंत जायचा: एकाने उंचीच्या रेषा काढायच्या, दुसऱ्याने रस्ते, कोणी गावांची नावं लिहायची. माझ्याकडे पाणी होतं. नद्या, ओढे, तळी. निळी शाई, सुईसारखं पेन, आणि श्वास धरून हात चालवायचा. आमचे मुख्य उंच, वाळके, ताठ; मागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणायचे. चूक झाली तर ते ओरडायचे नाहीत. चुकीच्या जागी शिसपेन्सिलीने एक टिंब ठेवून निघून जायचे, आणि ते टिंब शोधता शोधता आपला आपल्याला कान पिळला जायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा मला दिवस गेले. तिसऱ्याच महिन्यात सगळं गेलं. नवरा कामासाठी परगावी होता, आईला सांगायचं धाडस नव्हतं, कचेरीत तर मुळात कोणाला काही ठाऊकच नव्हतं. दवाखान्यातून एकटीच घरी आले, दार लावलं आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. ओल्या पंच्यासारखं अंग जड झालं होतं. भिंतीच्या रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याची कड एखाद्या बेटाच्या किनाऱ्यासारखी होती, आणि मी दोन दिवस त्या किनाऱ्यावरून नजर फिरवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात फूटपट्टी. सायकलवर आले होते, पँटच्या पायाला क्लिपा तशाच होत्या. म्हणाले, "तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत." मी बाजूला झाले. ते दारालगतच्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, मग नाही. काय झालं, विचारलं नाही. खिडकीची खिटी बसत नव्हती, ती त्यांनी खिशातला चाकू काढून ठाकठीक केली. पाऊण तासाने उठले, आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "या सावकाश." दार लावून मी तिथेच खाली बसले आणि रडले. तोवर मला रडू आलंच नव्हतं.

त्यानंतर वर्षाच्या आत मी ती नोकरी सोडली. ह्या कंपनीची जाहिरात पाहिली होती, काचेची इमारत, चढत जाणारे जिने, सगळ्यांचे दात पांढरे. नकाशे हळूहळू मशीनवर निघायला लागले होते, आणि नवरा म्हणायचा की निळ्या रेघांत किती दिवस काढणार आहेस. राजीनामा लिहून मी फूटपट्टींच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी तो वाचला, कागद टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवला आणि म्हणाले, "चांगली जागा आहे. तिथे वाढाल." मी तशीच उभी होते. आता ते थांबा म्हणतील, असं मला वाटत होतं. म्हणाले असते तर मी थांबले असते का, ते आजही सांगता येत नाही. पण त्यांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, हातातला कागद पुरा करून जाल ना. मी हो म्हणाले. एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात आम्हाला मूल झालं नाही, ते न होण्याचीही सवय झाली, नवऱ्याचे केस गेले, माझ्या नावापुढे मोठं पद आलं. आणि ह्या काचेच्या इमारतीत सकाळी पट्ट्याला लटकवलेलं कार्ड दाराला दाखवताना, हिरवा दिवा लागून दार आपोआप सरकताना, कितीदा तरी वाटून जायचं, की त्या लांबट खोलीत आपण शिरायचो तेव्हा सात माना वर व्हायच्या. सातच. पण व्हायच्या.

मंगळवारनंतर माझं कशातच लक्ष लागेना. घरी नवऱ्याला म्हणाले, मी उद्या ऑफिसला गेले नाही तर काय होईल? त्याने पेपर खाली न घेता सांगितलं की काही होणार नाही, तुझ्या खूप रजा शिल्लक आहेत. त्याचं म्हणणं प्रेमाचंच होतं. रविवारी मी फूटपट्टींचा पत्ता शोधून काढला. कचेरी कधीच बंद पडली होती. ते मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. मुलीने दार उघडलं, माझ्याच वयाची, हाताला साबणाचा फेस. म्हणाली, बाबांना एका डोळ्याने दिसत नाही आता, ऐकूही कमी येतं, जरा मोठ्याने बोला. ते खिडकीजवळ बसले होते, ताठ. मी नाव सांगितलं, त्यांना ओळख लागेना. मग मी म्हणाले, मी पाणी काढायचे, सर. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "नद्यावाल्या बाई," ते म्हणाले. "तुम्ही एकदा ओढा डोंगरावर चढवला होता." आणि हसले, खांदे हलेपर्यंत. ते मला आठवतच नव्हतं. त्यांना मात्र तो कागद, तो डोंगर, शिसपेन्सिलीचं टिंब कुठे ठेवलं होतं, सगळं डोळ्यांसमोर होतं. मुलीने चहा आणून दिला. मी कप दोन्ही हातांत धरून विचारलं, तुम्ही एकदा माझ्या घरी आला होतात, मी दोन दिवस आले नव्हते तेव्हा. "आलो असेन," ते म्हणाले. "मी सगळ्यांकडेच जायचो." मी विचारलं, का. त्यांना प्रश्नच नवलाचा वाटला. "काम अडायचं ना. तुमच्या टेबलावर कागद थांबला की पुढचे चौघं हात बांधून बसलेले."

जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं मला झालं. एकोणीस वर्षं मी जे उबेला धरून होते, ते एवढंच होतं: कागद अडला होता. चहा कोमट झाला. पण तिथे बसल्या बसल्याच, त्यांच्या हातांवरच्या निळ्या शिरा बघता बघता, मला दुसरंही दिसायला लागलं. काम अडत होतं म्हणूनच माणूस लक्षात राहत होता. त्या मेकॅनिक मुलीचं काहीच अडलं नव्हतं. आम्ही कित्येक वर्षं खपून, चांगली चांगली माणसं लावून हीच तर व्यवस्था उभी केली होती, की कोणावाचून काही अडू नये. आणि मग त्याच व्यवस्थेच्या दारावर मी ते वाक्य लावलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही मला थांबा का म्हणाला नाहीत?" मुलगी आतल्या दारात उभी होती, ती चटकन आत गेली. फूटपट्टींनी मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यानंतर सात महिने पाणी मीच काढत होतो," ते म्हणाले. "वाईट काढायचो. तुमचं टेबल तसंच होतं. जाहिरात द्यायला हवी होती. काय लिहायचं ते सुचेना." एवढं बोलून ते थकले. निघताना मी वाकून नमस्कार केला, त्यांचा हात माझ्या डोक्यावर न येता चुकून खांद्यावर आला आणि तिथेच जरा वेळ राहिला. खाली रस्त्यावर येऊन मी दोन बस सोडल्या. कुठली धरायची ते माहीत होतं, पण चढवेना.

सोमवारी मी आमच्या विभागप्रमुखांना भेटले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हुशार, कधी आवाज न चढवणारे. मी म्हणाले, ती ओळ काढून टाकू या, ती खरी नाही. मुलीचा ताप, उशाशी ठेवलेला मोबाइल, रजेचा मेसेज, सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, एका कागदावर टिपूनही घेतलं. मग म्हणाले, "ओळ काढायची कशाला? ती आपली ओळख आहे. आपण ती खरी करू." मी खुर्चीत पुढे सरकले. त्यांची कल्पना अशी होती, की कोणी सलग दोन दिवस न सांगता गैरहजर राहिलं तर मशीनने त्याला आपोआप एक मेसेज पाठवायचा. आपुलकीचा. तुम्ही दिसला नाहीत, सगळं ठीक ना, असा. "तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "तुमच्या हाताला ते बरोबर जमतं." मी जागेवर येऊन बसले. लिहिलं, 'तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत.' पडद्यावर ते शब्द पाहिले. पँटला क्लिपा लावलेला तो माणूस दारात उभा होता आणि मी त्याला कंपनीतल्या अकरा हजार माणसांच्या दारांत उभं करायला निघाले होते. मी ते पुसलं, आणि त्यांना जाऊन सांगितलं की हे माझ्याने होणार नाही. ते नाराज झाले नाहीत. हरकत नाही, म्हणाले, आणि ते काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे दिलं. दहा मिनिटांत मजकूर तयार झाला. चांगला होता. बुधवारपासून तो जायलाही लागला.

शुक्रवार त्या मुलीचा शेवटचा दिवस होता. दुपारी मी डेपोत फोन करून ती कुठे आहे विचारलं आणि कोणाला न सांगता निघाले. जुनी सहा मजली इमारत, तळमजल्यावर टपाल कचेरी, वर वकिलांची आणि दातांच्या डॉक्टरांची दारं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उघडी होती, समोर पिवळी पाटी, आणि फरशीवर चादर अंथरून तिने हत्यारं ओळीने मांडली होती. मला बघून ती उभी राहिली. सही राहिली का कुठली, असं तिने विचारलं. मी म्हणाले, सही नाही. ती ओळ माझी आहे, ती मी लिहिली होती. कोण होतं ते, कुठल्या खोलीत, कशासाठी आलं होतं, तेही जसं जमलं तसं सांगितलं. दवाखान्याचंसुद्धा सांगितलं, जे नवऱ्याखेरीज कोणाला कधी सांगितलं नव्हतं. ती पाना हातात धरून ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, "जाऊ नकोस."

"हे कंपनी म्हणतेय का तुम्ही?"

"मीच म्हणतेय. माझ्या हातात द्यायला काहीच नाही."

तिने पाना चादरीवर ओळीत ठेवला आणि म्हणाली, ती एका हॉस्पिटलात चाललीय. चार लिफ्ट आणि सांभाळायला दोघंच. ती आली नाही तर रुग्ण खालीच अडकणार, त्यामुळे लक्षात यायचा प्रश्नच नाही. पगार इथल्यापेक्षा थोडा कमी आहे. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्यावर बरंही वाटलं, कारण बऱ्याच वर्षांत मला कोणाच्या नोकरीचा हेवा वाटला नव्हता. मला वाटलं आता ती निघा म्हणेल. पण तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमची नजर चांगली आहे का, ताई?" चष्म्याने चांगली आहे, मी म्हणाले. तिच्या जोडीदाराला मशीनने सकाळीच दुसरीकडे पाठवलं होतं. ह्या मजल्यावर लिफ्ट फरशीच्या किंचित खाली थांबते, दातांच्या डॉक्टरकडे येणारी म्हातारी माणसं ठेचकाळतात, गेल्या आठवड्यात एक आजी पडल्या. ती लिफ्टच्या टपावर उभी राहून, लिफ्ट कुठे थांबायची ते ठरवणारी आतली पट्टी सरकवणार, पण तिथून तिला फरशी दिसत नाही. खाली दाराशी बसून कोणीतरी सांगायला हवं. आज हे झालं नाही तर हे काम सोमवारी कोणाच्या यादीत जाईल आणि कधी होईल, त्याचा भरवसा नव्हता.

मी पर्स भिंतीशी ठेवली आणि गुडघे टेकले. फरशी गार होती. लिफ्ट खाली गेली, परत वर आली, थांबली, दार सरकलं. वरच्या अंधारातून तिचा आवाज आला, किती. मी फरशीची पितळी कड बघितली आणि लिफ्टची पोलादी कड बघितली; दोन्हींच्या मधे उजेडाची एक चीर होती. पेन्सिलीच्या जाडीएवढं खाली, मी सांगितलं. वर धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला. लिफ्ट पुन्हा गेली, पुन्हा आली. आता? अर्धी पेन्सिल. पर्समध्ये माझा फोन थरथरला आणि थांबला. जिन्यावरून एक गृहस्थ गालाला रुमाल धरून वर आले आणि मला तशी ओणवी बघून कठड्याला टेकून उभे राहिले. किती वेळ लागेल, असं त्यांनी हातानेच विचारलं, मी हातानेच थांबवलं. लिफ्ट गेली, आली. माझे गुडघे दुखायला लागले होते. मी श्वास धरला होता, आणि तो कधी धरला ते मला कळलंही नव्हतं. आता, वरून आवाज आला, सांगा. मी चष्मा पुसला, खाली वाकले, गाल जवळजवळ फरशीला टेकवला. गृहस्थ वाट बघत होते. ती वर पाना धरून, हात आखडून, वाट बघत होती. मी घाई केली नाही.

"अजून," मी म्हणाले, "केसभर."